मोठ्या ताऱ्याचं आयुष्य

ताई गेल्याचा फोन सकाळी सव्वासातला आला. मी पिपरी मेघे गावातल्या माझ्या घरी गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते काठीने मोजत होतो. भाचा एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली…" काठी हातात घेऊनच मी जिना उतरलो. त्याला आता सहा आठवडे झाले.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तळेगावच्या शाळेत तिने सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. ताऱ्यांचा विषय निघाला की ती ताटात पिंजलेला कापूस पसरायची आणि मधोमध सायकलचा पंप मारायची. कापूस उडून कडेला गोळा व्हायचा. मोठा तारा आपल्या प्रकाशाने आणि अंगातून सुटणाऱ्या वाऱ्याने भोवतालचा वायू असाच ढकलतो, मधे पोकळी होते, कडेला दाटलेल्या वायूत नवे तारे जन्मू शकतात, असं ती सांगे. शेवटी आपल्या मनाचं एक वाक्य जोडायची: तारा जितका मोठा, तितकं इंधन जास्त, तितकं आयुष्य जास्त.

निवृत्तीनंतर एका दुपारी तिने हे मला सांगितलं. सूर्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा हजारो पट प्रकाश देतो, हेही तिनेच सांगितलं. मी वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार केला. "ताई, इंधन वीसपट आणि जळणं हजारो पट. मग हा सूर्याच्या आधीच संपते ना?"

"तू काऊन माह्या ताऱ्यात हिशेब घुसवून राह्यला?" ती हसली. मग कागद ओढून घेतला, पुस्तकं काढली. चहा गार झाला. सूर्याचं आयुष्य सुमारे हजार कोटी वर्षं, त्या ताऱ्याचं जेमतेम एक कोटी.

"एका वाक्याचं काय एवढं?" मी म्हणालो.

"एक वाक्य नाई रे. तो लवकर संपते म्हणून तं जिथं जन्मला तिथंच फुटते. त्याच्यातला ऑक्सिजन आजूबाजूच्या वायूत मिसळते, पुढच्या ताऱ्यांले भेटते. असे लय फुटले की आकाशगंगेतला वायू बाहेर फेकल्या जाते, नवे तारे होणं मंदावते. आयुष्यच चुकलं तं पुढचं सारं चुकलं."

तेव्हापासून बाजारात, लग्नात जुना विद्यार्थी दिसला की ती त्याला अडवायची. "थांब. तुले मी एक चुकीचं शिकवलं." शेवटच्या आजारात मला म्हणाली, "राह्यलेल्यांले तू सांगजो." मी हो म्हणालो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर तिचा एक जुना विद्यार्थी उठला. आता तोही शिक्षक आहे. शोकसंदेशाच्या वहीत लिहिलेलं त्याने वाचून दाखवलं. "मोठे तारे जास्त जगतात, असं मॅडमनी शिकवलं. मॅडमही आमच्यात तशाच जगतील." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या बायकोने माझी बाही धरली. "आज नका बोलू."

पण मी शब्द दिला होता. उभा राहिलो. ते वाक्य चूक आहे, दुरुस्ती ताईनेच सांगायला लावली आहे, एवढं बोलून दोन्ही आकडे सांगितले. भाच्याने मान फिरवली.

"मामाजी," विद्यार्थी म्हणाला, "मी पंधरा वर्षांपासून पोरांले हेच शिकवून राह्यलो ना!" त्याने वही मागितली. आपल्या वाक्यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. ताईच्या वर्गात चूक तशीच खोडत. खाली बरोबर वाक्य लिहून सही केली.

ती वही ताईच्या खोलीत टेबलावर उघडीच असते. येणारा माणूस रेघ पाहून विचारतो, काय खोडलं? मागच्या रविवारी मी तिथेच होतो. मी तोंड उघडण्याआधीच भाचा सांगू लागला.