भिंतीकडच्या चपला

वरची मोठी खोली बाबांनी खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झाल्यावर बांधली. ते गेल्यावर रविवारची बुद्धवंदना तिथे आई घेऊ लागली. वंदना झाली की बाबांच्या जुन्या पत्रकांपैकी एखादं मोठ्याने वाचलं जायचं. तीच पत्रकं ऐकत मी वाढले.

मग आईचे गुडघे गेले. गेला पावसाळाभर ती खाली बसून वरचे आवाज ऐकायची, आणि कुणी चुकलं की खालूनच ओरडायची.

मामा म्हणाला, "ताई, खालीच घेत जा ना वं. वर काय विमान उतरून राहिलं?"

"खाली माणसं मावत नाही. अन् वर त्यायनं कशाले बांधली मंग?"

एका रविवारी वस्तीतल्या पोरांनी तिला खुर्चीसकट उचललं. तिने दाराची चौकट घट्ट धरली. "ठेवा मले खाली! माणसाच्या खांद्यावर माणूस बसत नाही."

वाक्य बाबांच्या पत्रकातलं होतं. सभांमधून मी ते घसा ताणून म्हटलेलं. आता तेच आमच्या जिन्यात आडवं पडलं होतं.

म्हणून जिन्यात बसवायची, रुळावरून चढणारी खुर्ची बघायला घेतली. कंपनीचा माणूस आला आणि मामाशीच बोलत सुटला. आजींचं वजन किती, आजींना पट्टा चालेल का. मी भडकले. "बसणार ती आहे. तिला विचारा!"

"अन् तू काहून बोलून राहिली मधात?" आई म्हणाली. "मले तोंड आहे." मग त्याला विचारलं, "कोणाले ढकलावं लागते का?"

"नाही मावशी. बटण तुमच्याच हातात."

"मंग लावा."

रूळ भिंतीच्या बाजूने घ्यायचा ठरला, म्हणजे बाकीच्यांना कठडा धरून चढता येईल. बसवणाऱ्याने जाताना बजावलं, पायाखालच्या पाटीला काहीही लागलं की खुर्ची थांबते. पायऱ्यांवर काही ठेवत नाही ना? आम्ही सगळ्यांनी ठामपणे नाही म्हटलं. कामाच्या दिवशी जिना रिकामाच असतो.

रविवारी मला एका जागी बसवेना. माणसं वर जाऊन बसली. आईने पट्टा लावला, बटण दाबून धरलं. खुर्ची घरघरत अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली. पुन्हा दाबलं. हलेना.

वरच्या सगळ्या पायऱ्यांवर, भिंतीला लागून, चपला होत्या. आधी येणाऱ्याची वरच्या पायरीवर, मागून येणाऱ्याची खाली. खोली बांधल्यापासूनची रीत. रुळाखालीसुद्धा लोकांनी त्या नीट सरकवून ठेवल्या होत्या. पाटीला अडली होती ती मामाचीच सँडल.

वर दारात गर्दी झाली. "उचलू का काकूले?"

"हात तर लावून पाहा!"

मी चपला गोळा करायला वाकले.

"तू नको. ज्याची त्यानं उचला."

माणसं अनवाणी एकामागे एक उतरू लागली. अरुंद जिना, आईला चुकवून वाकायचं, त्यात हसणं. "हे माही नाही गा!" "मंग उचलली कशाले?" आई मध्येच टांगलेली, प्रत्येकाकडे बघत. ती आता 'मले खाली ने' म्हणेल, हीच मला धास्ती होती.

शेवटची जोडी निघाली, माणसं परत वर गेली, तेव्हा तिने बटण दाबलं.

खुर्ची वर पोचल्यावर मी हात पुढे केला. तिने स्वतः पट्टा सोडला, चौकट धरली, उभी राहिली.

"उशीर झाला," ती म्हणाली. "बसा."

पण कुणी बसेना. सगळ्यांच्या हातात चपला होत्या, आणि त्या कुठे ठेवायच्या हे कुणालाच सुचत नव्हतं.