सुकेशनीचा आग्रह

सुकेशनीच्या घरी जेवायला बसणारी माणसं ताटावर हात आडवा धरूनच बसतात. 'नको' हा शब्द तिला खरा वाटतच नाही. "घ्या की, अर्धीच आहे," म्हणत ती भाकरी सरकवतेच. पुंडलिकनगरात तिच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनी तिचा धसका घेतलाय. तिच्या आई मुक्ताबाईंनी किती समजावलं, पण स्वभाव म्हणजे काय पाटीवरची अक्षरं आहेत पुसायला? तो निदान घरात राहिला असता तरी बरं होतं.

ती एका लहान कंपनीत दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. तिच्याकडे काम डेटाबेस ड्रायव्हरचं. रुग्णांची सगळी माहिती सर्व्हरवर असते, आणि काउंटरवरचे कॉम्प्युटर व तो सर्व्हर यांच्यात निरोपांची ने-आण करतो हा ड्रायव्हर. उत्तर आलं नाही तर किती थांबायचं, पुन्हा कितीदा विचारायचं, हे त्यात आधीच ठरवून द्यावं लागतं. ज्याला हवं त्यानं नंतर बदलावं. पण नव्या मोबाइलची रिंगटोनसुद्धा न बदलणारी माणसं आपण, या सेटिंगला कोण हात लावतो? सुकेशनी ठरवील तेच सगळीकडे चालायचं. आणि तिनं ठरवलं होतं, उत्तर येईपर्यंत दम न खाता विचारत राहायचं.

मार्चमध्ये छावणी भागातल्या एका दवाखान्यात लाईट गेली. परत आली, सर्व्हर जागा झाला, आणि सगळे कॉम्प्युटर एकदम त्याच्यावर तुटून पडले. बिचारा बसला. उठला की पुन्हा तेच. सुकेशनी धावत तिथं पोचली तेव्हा रांग फाटकापर्यंत गेली होती. तापानं फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन एक बाई उभी होती. केसपेपरच्या काउंटरवरच्या केसरबाई हातानं नावं लिहीत होत्या.

"मॅडम, लाईट येऊन लई वेळ झाला. हे काऊन येत नाय? लोकांना काय सांगू मी?"

पोराला औषध मिळालं, ते बरंही झालं, पण सुकेशनीला त्याच्या आईचा चेहरा विसरता येईना. दुसऱ्या दिवशी तिनं सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि कपाळावर हात मारला. अडचणीत सापडलेल्या सर्व्हरला तिचाच ड्रायव्हर 'घ्या, घ्या' करत होता.

तिनं नव्यानं ठरवलं. मोजकेच प्रयत्न करायचे, दर वेळी आधीपेक्षा जास्त थांबायचं, सगळे एकदम तुटून पडू नयेत म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरनं वेगवेगळा वेळ थांबायचं, आणि नाहीच जमलं तर तसं पडद्यावर स्पष्ट सांगायचं.

कंपनीचे मालक अभय सर नाराज झाले. "गिऱ्हाईक म्हणेल, हे लगेच हार मानतं."

"ज्याला कळतं तो वाढवून घेईल, सर. ज्याला कळत नाही, त्याचं काय? त्याला आपण देऊ तेच मिळणार."

सरांनी मान डोलावली आणि नवा ड्रायव्हर सगळ्या दवाखान्यांत गेला. पुन्हा रांग अडली तर जबाबदार कोण, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मे महिन्यात ती त्याच दवाखान्यात आली असताना भरदुपारी लाईट गेली. ती धावत केसपेपरच्या काउंटरशी जाऊन उभी राहिली. लाईट आली तेव्हा केसरबाईंच्या पडद्यावर अक्षरं उमटली : 'संपर्क होत नाही. जरा वेळानं पुन्हा प्रयत्न करा.' केसरबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सुकेशनीला तोंड लपवावंसं वाटलं.

पलीकडे औषधांचा काउंटर सुरू झाला. मग तपासणीचा. केसरबाईंनी पुन्हा बटण दाबलं आणि रुग्णाचं नाव पडद्यावर आलं.

"आलं की व्हय," म्हणत त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

रांग सरकू लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणाला काही कळलंही नाही. रांगेतले एक आजोबा तेवढे वैतागले. "अहो, लाईट आली ना? मग पंखा लावा की. लई उकडतंय."

तक्रार होती ती पंख्याची. सुकेशनीला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. कुणी उठायच्या आत तिनंच जाऊन पंखा लावला.