नाव नसलेलं बटण

माझे डोळे घाटात गेले, म्हणजे बैलगाडे पळवायच्या चढावर. बैलगाड्यापुढं पळणारी घोडी शर्यतीत बिथरली, माझ्या अंगावरून गेली. टापेनं आधी एक डोळा आणि परत फिरून दुसरा, असे हिशेबानं दोन्ही नेले. तेव्हा मी जी आरोळी ठोकली ती ओतूरच्या एष्टी स्टँडवर ऐकू गेली. ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरनं डबल बेल दिली, त्यानं गाडी सोडली म्हणतात. तरी त्या दिवशी गाडा आमचाच पहिला आला, हे आधी लिहून ठेवतो.

डोळे गेले, नाद गेला नाही. लोणीला माझ्या गोठ्यात माझा खिलार बैल अजून उभा आहे, पण त्याचं वय झालंय. औंदा घाटात पळाला तर पळाला, पुढच्या वर्षी त्याचे गुडघे ऐकायचे नाहीत. पळायचं तर बारी, म्हणजे घाटात गाडा सोडायची पाळी, लागते, आणि बारी आता यात्रा कमिटीच्या ॲपवर नोंदवावी लागते. सकाळी ॲप उघडतं आणि चहा निवायच्या आत सगळ्या बाऱ्या संपतात.

गेल्या वर्षी हे काम चुलतभावाला सांगितलं. त्यानं माझ्याच फोनवरून स्वतःचे बैल नोंदवले. मी त्याचे पुढचे दात तिथल्या तिथं हातात दिले, पण बारी काही परत आली नाही. म्हणून औंदा बोट माझंच लागणार होतं.

माझा फोन बोलतो. ज्यावर बोट ठेवीन त्याचं नाव सांगतो. नोंदणीच्या आधी कमिटीनं सरावाला ॲप खुलं केलं, तसा मी बसलो. फोन म्हणाला, "बटण." बोट सरकवलं. "बटण." आणखी सरकवलं. "बटण. नाव नाही." कसाबसा पुढं गेलो तर "चित्र, चित्र, चित्र." बायकोला विचारलं. ती म्हणाली, "बैलाची चित्रं निवडा, असं लिवलंय."

बैल ओळखायला सांगतात, मला! मी नुसत्या श्वासावरून बैलाची आई कोणत्या गावची ते सांगतो. फोन भिंतीवर हाणला. भिंत पडली, फोन शाबूत.

ॲप अध्यक्षाच्या भाच्यानं बनवलं होतं. पोरगा अवसरीचा, पुण्यात कंपनीत, यात्रेला आलेला. तडक कमिटीच्या मंडपात शिरलो. नियम सगळ्यांना सारखा, असं अध्यक्ष म्हणू लागला. त्याला टेबलासकट उचलून बाजूला ठेवला. भाचा बोलला आणि फसला. आवाजाच्या खाली नरडं असतंच, ते धरलं. खुर्च्या मोडल्या. कुणीतरी माझ्या पाठीत काठी घातली, तिचे दोन तुकडे झाले. भाचाही कच्चा नव्हता. माझा अंगठा चावून त्यानं रक्त काढलं. पोरगा मला आवडला, म्हणून तसाच ओढत गोठ्यात आणला.

त्याच्या डोळ्यांवर उपरणं आवळलं, हातात माझा फोन दिला. "आता लाव तुझ्या ॲपवर बारी."

"बटण," फोन म्हणाला. "बटण. नाव नाही."

तो चाचपडत मागं सरकला तो नेमका बैलाच्या मागं. लाथ अशी बसली की पोरगा शेणात तोंडावर पडला. उठला तो शिव्या देतच. आधी मला दिल्या, मग बैलाला, आणि शेवटी स्वतःच्या ॲपला. तेव्हा कळलं, काम होणार.

"तात्या, लई बेकार केलंय राव मी," तो म्हणाला. "चित्रं काढतो. बोलून सवाल इचारू, बैलाला शिंगं किती."

"आन बटण?"

"त्यालाबी नाव देतो."

तो उपरणं सोडायला गेला. नाव दिल्याशिवाय सुटायचं नाही, असं सांगून मी नरडं परत धरलं. माझ्याच फोनवरून तो ॲपच्या आत शिरला, पण दिसत नसल्यानं टाइप करता येईना. मग त्यानं फोनचा माईक लावला आणि तोंडानंच नाव सांगितलं. तपासायला दोघांनाही सवड नव्हती.

नोंदणीच्या सकाळी ॲप उघडलं. बोट ठेवलं.

"तात्या नरडं सोडा बारी नोंदवा. बटण."

दाबलं. शिंगांचं उत्तर दिलं. "तुमची बारी नोंदली," फोन म्हणाला, आणि मी खिलाराच्या गळ्यात पडलो. त्यानं मला गव्हाणीत भिरकावलं.

डोळसांना त्या बटणावर नुसती हिरवी खूण दिसते. नाव ऐकू येतं ते मला. भाच्याचा परवा फोन आला, नाव बदलू का म्हणून. बदललंस तर अवसरीला येईन, म्हटलं.