निळ्या शिंगांची मालकीण

धारूरजवळच्या एका गावात आमच्या संस्थेचं शिबिर होतं. पारावर माणसांचा बीपी, खाली मालक सकाळीच बांधून गेलेल्या शेळ्यांना लस. मी इंटर्नशिपला आलेली विद्यार्थिनी. लस दिलेली शेळी ओळखू यावी म्हणून तिच्या शिंगाला निळा रंग लावायचा, एवढंच माझं काम. रंगही मीच निवडलेला.

एक म्हातारी बीपी तपासून झाला तरी पारावरच बसून होती. मी शिंग रंगवलं की ती गालातली सुपारी चघळणं थांबवून समाधानानं मान डोलवायची. मला वाटलं, माझं काम आवडतंय.

दुपारी एक शेतकरी ओरडतच आला. या गावात शेळ्यांच्या शिंगांना घराघराचा ठरलेला रंग असतो; जुना पुसट झाल्यानं तो माझ्या लक्षातच आला नव्हता. आणि निळा त्या म्हातारीचा. तिच्या शेळ्या दोन. मी त्या बेचाळीस करून ठेवल्या होत्या.

"मामी, आधी कावून न्हाई सांगितलं?" त्यानं विचारलं.

"पोरगी लई मन लावून रंगवत होती. मोडता कशाला घालू?" तिनं सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. "सोडा शेळ्या. शेळी काय रंग बघून घरी जाती व्हय?"

सोडल्या. सगळ्या बरोबर आपापल्या दारात गेल्या. म्हातारीच्या मागं तिच्या दोनच.

मी ओशाळून डबा आवरत होते, तर ती परत आली. रंगात बोट बुडवून तिनं माझ्या कपाळाला टेकवलं.

"त्यांना घर ठाऊक हाय. तुला इथं कुठलं? चल जेवायला."