टाकीतलं बोट

आधी बोट टाकीत, मग नाकाशी. आमच्या राजापेठेतल्या सिस्टरबाई कुणाकडेही गेल्या की बसायच्या आधी हे करायच्या. कुठली टाकी, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला पाण्याआधी कूलरसमोरची खुर्ची देतात.

बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. नोकरी सुटली, राउंड सुटला नाही. दर रविवारी घरोघर.

"सर, हे पानी हाये का काढा?"

सर म्हणजे मी. क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. जिवाणूंचा धडा माझा हातखंडा. घरच्या कूलरची टाकी मात्र अख्खा उन्हाळा न धुता तशीच. बाईंच्या नाकाला चकवायला मी शास्त्रीय उपाय काढला. पाण्यात वाळ्याचं अत्तर ओतलं. बाईंनी बोट हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या घरी निघाल्या. मी जिंकलो.

मग एकदा कूलरची मोटर अडकली. टाकीत हात घातला तर पत्र्यानं बोट कापलं. रुमाल गुंडाळून तसाच वर्गावर गेलो. दोन दिवसांत दात वाजवणारी थंडी, तीही मे महिन्यात. दवाखान्यात भरती झालो. सलाईन चालू, ताप हटेना.

डॉक्टर म्हणाले, "जंतू रक्तात शिरलाय. कोणता, ते अहवाल आल्यावर कळेल. नदी, तळं, विहीर, कुठं उतरला होता का?"

"नाही."

"हे बोट?"

"भाजी चिरताना कापलं."

बाजूला उभ्या बायकोला माझ्या दुखण्यापेक्षा ही बातमी नवीन होती.

दुपारी बाई डबा घेऊन आल्या. उशाशी पडलेल्या माझ्या रुमालानं कपाळ पुसायला गेल्या आणि थांबल्या. रुमाल नाकाशी नेला.

"हा तर तुमच्या कूलरचा वास."

मी छताकडे पाहिलं.

"जीव जाऊन राहिला आन तुमी इज्जत वाचवून राहिले? मले त्या रविवारीच समजलं होतं. म्हटलं, सर शिकेल हायेत, उद्या बदलतीन पानी."

मी डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. ते हसले नाहीत. पाण्यातले असे जंतू क्वचितच रक्तात शिरतात, म्हणाले, पण शिरले की नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीत. औषध बदललं. पुढे अहवालही तेच बोलला. ताप उतरला, मी घरी आलो. अत्तराची बाटली बाईंनी जप्त केली होती.

काही वर्षांनी बाई मुलीकडे अकोल्याला राहायला गेल्या. अंथरुणाला खिळल्याचं कळलं तसा भेटायला गेलो. डोळे मिटलेलेच होते.

"बोट आना, सर."

पुढे केलं. बराच वेळ हुंगलं.

"आता बरोबर हाये."

निघताना मुलगी दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, "आईले वर्षभरापासून कशाचाच वास येत नाही, सर."

बाई गेल्या, त्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा. रविवारी टाकी घासतो, ताजं पाणी भरतो, बोट बुडवतो. हुंगत नाही. ओलं बोट तसंच धरून थोडा वेळ दारात उभा राहतो.