उसवलेला बिल्ला

बिल्लेमास्तरांना मी आधी शिव्या घातल्या आणि मग ओळखलं, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. लपवाछपवी मला जमत नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. लष्करी गणवेशाच्या बाहीवर शिवतात ते भरतकामाचे कापडी बिल्ले करणाऱ्या कारखान्यात ते तीस वर्षं मशीनवर बसले. निवृत्तीनंतर तेच बिल्ले गोळा करायला लागले. एका खोलीचं घर. खिडकीशी टेबल, त्यावर भिंग आणि चिमटा, मागे चपट्या खणांचं कपाट. वरचे खण खऱ्या बिल्ल्यांचे, सगळ्यात खालचा खोट्यांचा. खालचाच लवकर भरतो, असं म्हणायचे. जुन्या बिल्ल्यांवर शौकीन जीव टाकतात, म्हणून नकला निघतात. चहात बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, झाल्या जुन्या. असा माल कुणी हौसेनं पुढ्यात ठेवला की मास्तर आधी वास घ्यायचे, मग म्हणायचे, "छान आहे. उशीला लावा."

त्यांचा नियम एकच. पाठ बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. समोरून कुणीही नटवतो. पाठीमागचा दोरा, गाठी, न विटलेला रंग यांत लबाडी उघडी पडते. शिवाय जांभळ्या उजेडाचा एक दिवा होता. आजकालच्या दोऱ्यात पांढरेपणासाठी रसायन घालतात, तो त्या उजेडात निळापांढरा पेटतो. जुना कोरा सुती दोरा ढिम्म राहतो.

आमच्या गल्लीतल्या मावशी शाळेच्या फरश्या पुसायच्या. त्यांचा एकुलता मुलगा डोंगरातल्या एका ठाण्यावर होता. ते ठाणं पडलं, कागदपत्रं जळाली, आणि कचेरीनं कळवलं की हा आधीच पळून गेला होता. पळपुट्याची आई म्हणून मावशींनी पस्तीस वर्षं काढली. नळावर कुणी काही बोललं की त्या कळशी अर्धीच भरून परत यायच्या. मग शहरात शहीद सैनिकांच्या नावांची भिंत उभी करायचं ठरलं. मावशींना त्यावर पोराचं नाव हवं होतं. पुरावा एकच, बिल्ला शिवलेला बाहीचा तुकडा. पोराच्या एका सोबत्यानं तो आणून दिला होता, पुढे तो सोबतीही वारला. तो बिल्ला शेवटच्या हिवाळ्यात फक्त त्या ठाण्यावर, शेवटपर्यंत राहिलेल्यांनाच वाटला होता. बिल्ला खरा तर पोरगा तिथे होता. खोटा तर पळाला. इतकं सरळ होतं. भिंतीच्या समितीनं तपासायला बोलावलं मास्तरांना, कारण त्या नमुन्याचे बिल्ले त्यांच्याच मशीनवर भरले गेले होते.

मावशींना घेऊन मी समितीच्या कचेरीत गेलो. मास्तर म्हणाले, एक बाजू उसवावी लागेल, पाठ बघायचीय. मावशींनी बिल्ल्यावर पंजा ठेवला.

"टाके त्याच्या हातचे आहेत. वाकडे आहेत, पण त्याचे आहेत. मी उसवू देणार नाही."

अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते. मास्तरांनी पडदा ओढला, बिल्ल्यावर दिवा धरला. बिल्ला निळापांढरा पेटला.

"नक्कल," मास्तर म्हणाले.

कारकुनानं लिहून घेतलं. जिन्यात मी मास्तरांना समितीचा चमचा म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो. ते इतकंच म्हणाले की दोरा नातं बघत नाही. मावशींनी तुकडा रुमालात गुंडाळला आणि कठडा धरून उतरल्या.

तीन आठवड्यांत दगडावर नावं कोरून झाली. त्यात पोराचं नव्हतं.

महिन्यानं मावशींनी स्वतः ब्लेड घेऊन बिल्ला उसवला आणि मला म्हणाल्या, चल त्या माणसाकडे. मी भांडायच्या तयारीनंच गेलो. मावशींनी बिल्ला टेबलावर पालथा ठेवला, शेजारी बाही.

मास्तर वाकले आणि वाकलेलेच राहिले. मागचा दोरा राखाडी होता. त्या हिवाळ्यात पांढरा दोरा संपला होता, तेव्हा साहेबाच्या नकळत त्यांनीच मशीनच्या खालच्या बॉबिनमध्ये राखाडी भरला होता. त्या एकाच खेपेला. नक्कल करणाऱ्याला हे कळणार कुठून? तरी त्यांनी चिमट्यानं एक धागा ओढून पेटवला. नायलॉनसारख्या नकली धाग्याची वितळून गोळी होते. याची मऊ राख झाली, कागद जळल्याचा वास आला. बिल्ल्याखालचं बाहीचं कापड नव्यासारखं गडद होतं, इतकी वर्षं झाकलेलं. मग त्यांनी जांभळा दिवा लावला. बिल्ला निळापांढरा पेटलाच, पण उरलेली बाहीही तशीच पेटली. त्या दिवशी बाहीकडे त्यांनी बघितलंच नव्हतं.

"ताई, हे धुतलं होतं का?"

"दर रविवारी," मावशी म्हणाल्या, काय येडा प्रश्न अशा सुरात. "पावडर लावून, चोळून. त्याचे कपडे मीच धुवायची. मळका कसा ठेवू?"

तेच रसायन कपड्यांच्या पावडरीतही असतं. पस्तीस वर्षांचे रविवार त्या दोऱ्यात मुरले होते. मास्तर खुर्चीत बसले.

"माझ्याच हातचा माल मला ओळखता आला नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं समितीकडे गेलो. अध्यक्षांनी मास्तरांना शांतपणे विचारलं, त्या दिवशी खरं बोललात की आज? मग बिल्ला एका हातात, बाही दुसऱ्या हातात धरली. हा हिच्यावरच होता कशावरून? आता तर टाकेही नाहीत, आणि असली गडद खूण कुठलाही बिल्ला पाडतो. शिवाय यादी बंद झालीय.

मी टेबलावर मूठ आपटली. शिपायानं मला दाराबाहेर काढलं. माझ्या मुठीनं आजवर कुठली यादी उघडलीय?

आपल्या घरी आल्यावर मास्तरांनी सुई ओवली. जुन्या भोकांतूनच परत शिवून देतो, म्हणाले. मावशींनी सुई त्यांच्या हातातून काढून टेबलावर ठेवली.

"तुम्ही घालाल ते तुमचे टाके."

उसवलेला दोरा त्यांनी काडेपेटीत जपून ठेवला होता. काडेपेटी आणि बाही त्यांनी पिशवीत घातली. बिल्ला मास्तरांपुढे सरकवला.

"हा वरच्या खणात ठेवा. कुठेतरी तरी खऱ्यात राहू दे त्याला."

पुढच्या वर्षी मावशी गेल्या. न्यायच्या आधी काडेपेटी मी त्यांच्या हातात ठेवली, बाही छातीवर.

ही गोष्ट मास्तरांनी स्वतःच चार ठिकाणी सांगितली, म्हणून शौकीन मंडळी त्यांच्याकडे यायची थांबली. दर वर्षी मी समितीला अर्ज करतो. पहिली सही मास्तरांची असते आणि तिच्यावर, त्यांच्याच अक्षरात, "तपासणीत मी चुकलो." सहा अर्ज झाले. यंदा पोच मिळाली, उत्तर नाही.