सुरुचीबाईंच्या आठ्या

दहावीच्या निरोपसमारंभाच्या फोटोत तरुण दिसावं म्हणून दादरच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या सुरुची प्रधानबाईंनी कपाळावरच्या आठ्या घालवणारी इंजेक्शनं घेतली. पुढच्या महिन्यात क्लिनिकच्या थ्रीडी कॅमेऱ्याने त्यांचा चेहरा मोजला. पडद्यावर तो गोल फिरवून दाखवत डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कपाळ एकदम सपाट. उत्तम रिझल्ट."

यंत्राने सगळं मोजलं, फक्त नववी 'ब'ला विचारायचं तेवढं राहिलं. बाईंनी वर्गाकडे नेहमीसारखं रागाने पाहिलं, पण कपाळ हललंच नाही. मागच्या बाकांवरच्या गप्पा चालूच राहिल्या. एका मुलीने तर मायेने विचारलं, "बाई, आज खुशीत दिसताय?"

बाईंनी पुढची इंजेक्शनं घेतली नाहीत. काही महिन्यांनी क्लिनिकने आग्रहाने बोलावून पुन्हा चेहरा मोजला.

"आठ्या परत आल्या हो," डॉक्टर हळहळले.

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. डॉक्टर गप्प झाले.